हिरवी तार, काळी तार

संगणक बंद करून आपण निश्चिंत मनाने घरी जातो. वास्तविक तो बंद झालेला नसतो. भिंतीवरचे बटण चालू राहिले असेल, तर संगणकाच्या पाठीमागच्या कोपऱ्यातली ती पत्र्याची पेटी रात्रभर जागीच असते. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी, डोळे मिटलेले पण कान दाराकडे. कोणी हाक मारली की उठायचे, एवढेच तिचे काम. ही पेटी म्हणजे संगणकाचा वीजपुरवठा. दुकानदार तिला 'एसएमपीएस' म्हणतात, आमच्या प्रयोगशाळेतले मामा नुसते 'डबा' म्हणतात, आणि मला मामांचाच शब्द अधिक आवडतो.

मराठी विभागाच्या संपादकांनी माझ्याकडे 'काहीतरी ललित' मागितले होते. पण मी पडलो पदार्थविज्ञानाचा मास्तर. पावसावर लिहायला बसलो तर ढगातल्या विद्युतभारावर जाऊन थांबेन. तेव्हा या डब्याविषयीच लिहितो. त्याला हाक मारणारा संगणक भंगारात गेल्यावर आम्ही त्याला कसे उठवले आणि का उठवावे लागले, त्याची ही हकीकत आहे. कला शाखेच्या वाचकांनी मधली दोन-चार पाने उलटून पुढे जावे. पण डबा उघडू नये असे मी जिथे सांगितले आहे ते मात्र सर्वांनीच वाचावे.

आधी 'का' ते सांगतो. आमच्याकडे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला वीस-बावीस मुले असतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगांना एकदिश वीज लागते, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, कधी धन १२ आणि ऋण १२ अशी दोन्ही एकदम. त्यासाठी 'रेग्युलेटेड पॉवर सप्लाय' नावाचे यंत्र असते. आमच्याकडे ती रजिस्टरात सात होती. २०२२ साली त्यांतली चालणारी तीन, आणि त्या तिघांतले एक पंधरा मिनिटे झाली की तापून मौन धरी. मग एकेका यंत्राभोवती सात-सात मुले. पुढची दोघे जोडणी करीत, मधली दोघे आकडे उतरवून घेत, आणि मागची तिघे पुढच्यांच्या खांद्यावरून पाहत, किंवा न पाहत. जर्नल मात्र साऱ्यांचे पूर्ण. अक्षर सुंदर, आलेख सुंदर, निष्कर्ष तर एकाच साच्यातले.

त्या वर्षीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत खानापूर तालुक्यातल्या एका खेड्याहून येणाऱ्या मुलीला ७४१ या आयसीचा प्रयोग आला. मुलगी हुशार. सूत्र तिने न अडखळता लिहिले, आकृती काढली, आयसीच्या आठही पायांची नावे सांगितली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "आता जोडा." तिने पॅच कॉर्ड हातात घेतली आणि तशीच उभी राहिली. धन बाजू कुठली आणि ऋण कुठली हे तिला ठाऊक होते. पण त्या यंत्राची गुंडी तिने तीन वर्षांत एकदाही स्वतःच्या बोटांनी फिरवलेली नव्हती. मागच्या तिघांतली ती. बसने येणारी, उशिरा पोहोचणारी, म्हणून नेहमी मागे. परीक्षक सज्जन होते, त्यांनी वाट पाहिली. पण गुण गेलेच, आणि त्या गुणांबरोबर तिचा प्रथम वर्गही थोडक्यात हुकला. जर्नलमधले एकही वाचन खोटे नव्हते. फक्त ते तिचे नव्हते.

नवीन यंत्रांसाठी आम्ही अर्ज केला. उत्तर यायचे तेच आले : यंदा तरतूद नाही. यात मी कोणाला बोल लावीत नाही. पदवी महाविद्यालयात विज्ञान शाखेची पटसंख्या घटत चालली की तिच्या प्रयोगशाळेला पैसे मागणाऱ्याचा आवाजही आपोआप बारीक होतो.

त्याच उन्हाळ्यात संगणक विभागाने २००८ साली घेतलेले चौदा संगणक निकालात काढले. व्हरांड्यात त्यांची रास पडली होती. मामा आणि मी त्या राशीसमोरून जात असता मामा म्हणाले, "सर, यातले डबे चांगले आहेत की. मेंदू गेला म्हणून पोट गेलं असं होतंय व्हय?"

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. संगणकाचे आयुष्य संपते ते बहुधा त्याची बुद्धी जुनी पडते म्हणून. वीज पुरवणारा डबा बिचारा तसाच धडधाकट असतो. त्यातून धन १२, धन ५, धन ३.३ आणि ऋण १२ व्होल्ट अशा चारही वाटा बाहेर येतात. आम्हांला जे हवे होते ते सगळे व्हरांड्यात धूळ खात पडले होते.

मात्र ते तिथून प्रयोगशाळेत, म्हणजे वीस पावलांवर, आणायला तीन आठवडे लागले. आमच्या कचेरीत 'डेड स्टॉक रजिस्टर' नावाची वही असते. या वहीत नाव चढले की वस्तू जिवंत, आणि नावावर तांबडी रेघ पडली की मृत. वहीचे नाव ऐकून मात्र नवख्याला उलटेच वाटावे. मुख्य लिपिकांचे म्हणणे असे, की निकालात काढलेली वस्तू वापरता येत नाही, आणि वापरात असलेली वस्तू निकालात काढता येत नाही. या युक्तिवादात मला आजवर फट सापडलेली नाही. शेवटी प्राचार्यांनीच तोडगा काढला : संगणक गेले, डबे 'सुटे भाग' म्हणून विभागाला मिळाले. सहा डबे, एक सही.

आता खरी अडचण. डबा मेजावर ठेवला, त्याची केबल भिंतीत खोचली, बटण दाबले. काही नाही. पंखा ढिम्म. मल्टिमीटर लावून पाहिला तर पिवळ्या तारेवर शून्य, तांबडीवर शून्य. फक्त एका जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट. आमचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, मेलाय." मेला नव्हता, हाकेची वाट पाहत होता.

जुन्या संगणकांत असे नव्हते. १९८१ च्या आयबीएम पीसीला कडेला एक मोठे तांबडे बटण होते. ते खटकन् वर केले की भिंतीतल्या विजेची वाट सरळ उघडे आणि खाली केले की तुटे; पंखे-दिव्यांसारखा रोखठोक व्यवहार. पुढे १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' नावाची रचना आणली आणि हा व्यवहार बदलला. डबा भिंतीला जोडलेला असेतोवर आत एक छोटासा पुरवठा सतत चालू राहतो. जांभळ्या तारेवरचे ५ व्होल्ट ते हेच. मोठा पुरवठा मात्र झोपलेला. त्याला उठवायचे काम मदरबोर्डकडे. आपण पुढचे बटण दाबतो तेव्हा वीज चालू करीत नाही. मदरबोर्डला फक्त कळवतो की बाई, आता उठा. मग मदरबोर्ड डब्याकडून आलेली एक हिरवी तार धरून ठेवतो. धरून ठेवतो म्हणजे काय, तर तिच्यावरचे सुमारे ५ व्होल्ट खाली खेचून शून्यावर आणतो. हिरवी तार शून्यावर असेतोवर डबा चालतो, सोडली की बंद. शट डाऊन म्हणताच संगणक आपला आपण बंद होतो तो असाच : आतल्या आत तार सुटते.

एवढे समजल्यावर मदरबोर्ड हवाच कशाला? हिरवी तार काळीला जोडली की काम झाले. काळी म्हणजे शून्य. चोवीस छिद्रांच्या त्या मोठ्या कनेक्टरात हिरवी तार एकच असते, आणि तिच्या दोन्ही अंगांना काळ्याच असतात, जणू कोणीतरी सोयच करून ठेवली आहे. जुन्या वीस छिद्रांच्या कनेक्टरातही तसेच. जोडायला चार बोटे लांबीची साधी तार पुरते. पुष्कळ जण जेमक्लिप उलगडून खोचतात. या तारेतून वाहते ती वीज एक-दोन मिलिअँपियरची, त्यामुळे जोडताना ठिणगीसुद्धा उडत नाही.

तरी क्रम पाळावा. आधी भिंतीतली पिन काढलेली असावी. मग तार खोचावी, दोनदा पाहावे की हिरवी आणि काळीच धरली आहे, मग पिन लावावी आणि डब्याच्या पाठीचे बटण दाबावे. हिरवीऐवजी चुकून पिवळी काळीला भिडली तर डबा बहुधा स्वतःला वाचवून बंद पडतो. पण 'बहुधा' या शब्दावर प्रयोगशाळा चालवू नये. आणखी एक गोष्ट. काही नव्या डब्यांच्या साऱ्याच तारा काळ्या असतात, आणि काही कंपन्यांनी मागे रंग तेच ठेवून जागा बदलल्या होत्या. तिथे रंगावर विसंबता येत नाही, कंपनीचा तक्ताच पाहावा लागतो. आमचे सहाही डबे सरळमार्गी निघाले.

मी तार खोचली, मामांनी बटण दाबले, आणि पंखा फिरला. कुठलाही मोठा शोध लागला नव्हता. जगभर हजारो लोक हेच करतात. कोणी त्यावर मोटारीतला टेपरेकॉर्डर घरात वाजवतात, कोणी हार्ड डिस्क तपासतात, कोणी दिव्यांच्या पट्ट्या पेटवतात. पण व्हरांड्यातल्या धुळीतून उचललेला पंखा आपल्या मेजावर फिरू लागला की माणसाला उगाच आनंद होतो, हे खरे.

सहांपैकी चार उठले. एकाचे कपॅसिटर फुगलेले होते. मामांनी पंख्याच्या जाळीतून विजेरी मारून बाहेरूनच निदान केले. दुसरा पंखा हलवी आणि लगेच थांबे. ते दोन्ही भंगारवाल्याकडे गेले.

उठलेल्या चौघांशीही घरोबा व्हायला दिवस गेले. बारा व्होल्टवर आम्ही मोटारीचा मागचा २१ वॅटचा दिवा लावला, तर बाराचे झाले ११.३ आणि पाचाचे ५.३. एक बाजू दबली, दुसरी उचलली. मुले चक्रावली. कारण असे की या जुन्या डब्यांत आत नियंत्रक एकच असतो आणि तो १२ आणि ५ या दोघांवर मिळून नजर ठेवतो; दोन मुलांना एकाच ताटात वाढणाऱ्या आईसारखा. एकाने जास्त घेतले की हिशेब बिघडतो. संगणकात दोन्हीकडे भार असतो म्हणून तिथे हे दिसत नाही. उपाय सोपा. पाच व्होल्टच्या तांबड्या तारेवर १० ओहमचा, १० वॅटचा, पांढऱ्या चिनीमातीच्या पेटीतला रोध कायमचा जोडून टाकला. त्यातून अर्धा अँपियर वाहतो, अडीच वॅट उष्णता होते, आणि बाराची बाजू ११.८ वर स्थिरावते. नियमाप्रमाणे ११.४ ते १२.६ चालते. हा रोध डब्याच्या पत्र्यालाच कसला, म्हणजे पंख्याची हवा त्याला लागते. हात लावला तर चटका बसेल इतका तो तापतो, हे सांगूनही प्रत्येक वर्गातला एक जण हात लावतोच.

तारांवर चिठ्ठ्या लावायच्या ठरल्या तेव्हा एक गंमत झाली. आमच्या प्रयोगशाळेत निम्मी मुले मराठी बोलणारी, निम्मी कन्नड, आणि इंग्रजीत दोघेही सारखेच चाचपडणारे. मी म्हटले, दोन्ही भाषांत तक्ता करा. एका मुलीने फळ्यावर दोन रकाने आखले. हिरवा, हसिरु. काळा, कप्पु. तांबडा, केंपु. मग जांभळा. त्याला कन्नडमध्ये काय म्हणतात? "नेरळे," ती म्हणाली. "आणि जांभूळ फळाला?" "तेपण नेरळेच की, सर." दोन्ही भाषांनी हा रंग एकाच झाडाखाली उभे राहून शिकलेला! नारिंगीचेही तसेच, कित्तळे म्हणजे ते फळ आणि तोच रंगही. राखाडीला ते बूदु म्हणतात, आणि बूदी म्हणजे राख. पिवळ्यापाशी आल्यावर मराठी मुले हसली, कारण कन्नडमध्ये पिवळा म्हणजे हळदि. हळद आमची, रंग त्यांचा. आमच्या गावात भाषेच्या नावाने जे काही होत आले आहे ते वाचकांना सांगायला नको. तो तक्ता मात्र अजून भिंतीवर आहे, आणि मराठी मुले 'नेरळे चालू आहे काय बघ' असे खुशाल म्हणतात.

राखाडी तारेचे काम सांगायचे राहिले. डबा उठला की सारे व्होल्ट स्थिर झाल्याची खात्री करून घेतो, आणि सेकंदाच्या दहाव्या ते अर्ध्या भागात राखाडी तारेवर ५ व्होल्ट देऊन 'सर्व ठीक' असे कळवतो. आम्ही तिच्यावर २२० ओहमच्या रोधातून एक हिरवा एलईडी लावला. तो पेटला की काम सुरू करायचे. मुलांना हे फार आवडले, मलाही.

आता इशाऱ्याची बाजू. इथे कला शाखेनेही लक्ष द्यावे.

बाहेर येणाऱ्या १२ आणि ५ व्होल्टनी माणसाला धक्का बसत नाही. पण डब्याच्या आत गोष्ट निराळी. आपल्या घरची २३० व्होल्टची वीज आत शिरताच एकदिश होते आणि शिखराला जाऊन बसते, म्हणजे २३० गुणिले १.४१४, सुमारे ३२५ व्होल्ट. ती दोन मोठ्या कपॅसिटरांत साठते. आमच्या एका डब्यात ते ४७० मायक्रोफॅरडचे, एकापुढे एक जोडलेले होते. मुलांकडून फळ्यावर गणित करवून घेतले : साठलेली ऊर्जा सुमारे १२.४ ज्यूल. आकडा लहान दिसतो. पण एक किलोचे वजन सव्वा मीटर उचलायला लागते तेवढी ही ऊर्जा, आणि ती छातीतून क्षणार्धात गेली तर माणूस मरू शकतो. भिंतीतली पिन काढल्यावरही ही ऊर्जा आत काही काळ राहते. ती हळूहळू रिकामी करायला आत रोध बसवलेले असतात, पण तो रोध निकामी झाला आहे हे बाहेरून कोणाला दिसणार?

म्हणून आमचा नियम पहिल्या दिवसापासून एकच : डबा उघडायचा नाही. पंखा अडला तरी नाही, आत खुळखुळ वाजली तरी नाही. एकदा एका उत्साही मुलाने पेचकस काढला तेव्हा मामांनी त्याचे मनगट धरले. "काय करालाय? मागं टीव्हीच्या ट्यूबनं मला भिंतीवर फेकलंय. तू माझ्यापरीस हलका हाइस." मुलाने पेचकस खिशात घातला. माझ्या फळ्यावरच्या गणितापेक्षा हे वाक्य अधिक परिणामकारक ठरले.

दुसरा धोका अर्थिंगचा. डब्याचा पत्रा तिसऱ्या पिनेतून जमिनीला जोडलेला असतो. ती तिसरी पिन लटकी असली तर आतल्या गाळणीच्या कपॅसिटरांमुळे पत्र्यावर निम्मा दाब चढतो. संगणकाच्या पत्र्याला हात लागून झिणझिण्या आल्याचा अनुभव पुष्कळांना असेल; ते हेच. आम्ही डबे लावण्यापूर्वी प्रयोगशाळेतले प्रत्येक सॉकेट तपासून घेतले. अकरापैकी तीन सॉकेटांत अर्थिंगची तार नुसतीच शोभेला होती.

याच तिसऱ्या पिनेमुळे एक सुंदर प्रश्नही निघाला. एका मुलाने विचारले, "सर, दोन डबे सेलसारखे एकापुढे एक जोडले तर २४ व्होल्ट होतील ना?" टॉर्चमध्ये होतात, इथे होत नाहीत. मी उत्तर दिले नाही. दोन्ही डबे बंद ठेवून, फक्त पिना भिंतीत ठेवून, त्याला मल्टिमीटर दिला. एका डब्याच्या काळ्या तारेपासून दुसऱ्याच्या काळ्या तारेपर्यंत बीप वाजला. दोन्ही काळ्या तारा पत्र्यातून, तिसऱ्या पिनेतून, जमिनीतून आधीच एक झालेल्या. म्हणजे एकाची पिवळी दुसऱ्याच्या काळीला लावणे म्हणजे पहिल्याला सरळ जमिनीत शॉर्ट करणे. तो मुलगा बराच वेळ त्या दोन तारांकडे पाहत राहिला. पाठ्यपुस्तकात आकृतीखाली 'भू' असे चिन्ह असते आणि आपण ते सवयीने काढतो. त्याला ते त्या दिवशी दिसले.

तिसरे असे, की हा डबा उदार आहे, आणि उदार माणसापासून सावध राहावे. विकतच्या यंत्रावर प्रवाहाला मर्यादा घालणारी गुंडी असते. डब्याला ती नाही. आमच्या डब्याच्या लेबलावर १२ व्होल्टपुढे १५ अँपियर लिहिले आहे. मागणाराने मागावे आणि याने द्यावे. चुकीच्या जोडणीत पातळ तार लाल होऊन टेबल जाळील. तेव्हा प्रत्येक वाटेवर एक अँपियरचा फ्यूज बसवला, आणि हिरव्या-काळीच्या मध्ये तुकडा तारेऐवजी एक साधे बटण. दाबल्यावर दाबलेलेच राहणारे, दारावरच्या घंटेसारखे नव्हे. कारण हिरवी तार धरून ठेवावी लागते, नुसती हाक मारून भागत नाही.

खरे सोने होते निळ्या तारेत. निळी म्हणजे ऋण १२ व्होल्ट. तिच्यात जोर थोडा, लेबलाप्रमाणे अर्धा अँपियर. पण ७४१ ला काही मिलिअँपियरच पुरतात. पिवळी, काळी, निळी : धन १२, शून्य, ऋण १२. दुहेरी सप्लाय म्हणून बाजारात जो महाग मिळतो तो हाच. सीआरओवर रेघ जरा जाड दिसते, कारण डब्याच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि तिची थोडी थरथर बाहेर येते. १००० मायक्रोफॅरडचा एक आणि ०.१ चा एक असे कपॅसिटर लावले की रेघ बरीच बारीक होते. ही निळी तार यापुढे किती दिवस मिळेल सांगता येत नाही. इंटेलने अलीकडे नुसत्या १२ व्होल्टचा आराखडा काढला आहे. त्यात ५, ३.३ आणि ऋण १२ या वाटाच नाहीत. जुन्या डब्यांना जपून ठेवण्याचे आमचे तेही एक कारण.

चार डबे, चार लाकडी पाट, प्रत्येकावर पाच टर्मिनल, फ्यूज, बटण आणि हिरवा एलईडी. पाट मामांनी कापून, पॉलिश मारून दिले. बाकीचे सामान खडे बाजारातून आणले. जुनी तीन यंत्रे आणि हे चार मिळून सात. बावीस मुलांत एका यंत्राला तीन. मागे उभे राहायला कोणी उरले नाही.

फरक पडला काय? गुणांत पडला तसा फार नाही. गुण आधीही मिळतच होते. पण पूर्वी प्रयोगशाळेत शांतता असे, आता आरडाओरड असते. "फ्यूज गेला!" "निळी कुठे लावलीस?" "अरे, काळी कोणी काढली?" दहापट वर्धन यायला हवे तिथे शून्य येते, मग शोधाशोध, मग मिळते. जर्नलांतली वाचने एकमेकांशी जुळेनाशी झाली आहेत. एकाचे ९.८, दुसऱ्याचे १०.३, तिसऱ्याचे ९.५, कारण प्रत्येकाचे रोध निराळे. तपासताना मला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. एका सहकाऱ्यांनी तक्रारही केली की ही वाचने नीट जुळत नाहीत. मी त्यांना म्हटले, जुळत होती तेव्हा मला झोप लागत नव्हती.

खानापूर तालुक्यातली ती मुलगी २०२३ च्या जूनमध्ये दाखला न्यायला आली होती. आता ती तिच्याच भागातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेच्या दारातून डोकावली. पाट पाहिले, तक्ता पाहिला. "सर, बसू का थोडं?" मी म्हटले, बैस की. तिने ब्रेडबोर्ड ओढला, ७४१ खोचला, एक किलोओहम, दहा किलोओहम. पिवळी सातव्या पायाला, निळी चौथ्याला. मी तिकडे मुद्दाम पाहत नव्हतो. थोड्या वेळाने मल्टिमीटरवर तिला हवा तो आकडा आला असावा, कारण तिने तो पाकिटाच्या मागे लिहून घेतला. मग सगळे सोडवले आणि पहिल्यापासून पुन्हा जोडले. दाखल्याच्या खिडकीची वेळ संपत आली तेव्हा मामांनीच जाऊन तिचा दाखला आणला.

निघताना ती म्हणाली, "सर, आमच्या शाळेतपण दोन जुने संगणक पडलेत. डबे काढता येतील. पण आमच्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही कसं बघायचं?"

मी सांगू लागलो, की फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावला तर तो फेज-न्यूट्रलइतकाच लख्ख पेटायला हवा, मंद पेटला तर समजायचे, आणि हे काम स्वतः न करता वायरमनकडूनच करवून घ्यायचे. मामांना एवढे ऐकायला वेळ नव्हता. त्यांनी कपाटातून आपला टेस्ट लॅम्प काढला, त्याच्या दोन्ही तारांची टोके नव्या टेपने गुंडाळली आणि तो तिच्या पिशवीत ठेवून दिला. "वायरमनला हे दे. आणि पोरांस्नी सांग, डबा उघडायचा नाही."